गाडीचे ब्रेक : मोठे की चांगले?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता, पहिला पाऊस नुकताच होऊन गेला होता. रविवारी दुपारी माझ्या भाच्याचा फोन आला. आवाज कापरा होता. "मामा, ताम्हिणी घाटात गाडीचे ब्रेक गेले. आम्ही सगळे ठीक आहोत. पण गाडी आता तुम्हीच बघा."

गाडीत तो, त्याची बायको आणि तीन वर्षांची मुलगी अशी तिघं होती. पुण्याहून कोकणात उतरत होते. घाटाची पाच-सहा वळणं झाल्यावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. पुढच्या वळणाला आणखी खाली गेलं आणि त्याच्या पुढच्या वळणाला थेट गाडीच्या फरशीला टेकलं. पोरानं डोकं ठिकाणावर ठेवलं. पेडल भराभर पंप केलं, गाडी दुसऱ्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये घातली, हातब्रेक ओढला आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या कडेला गाडी घासत घासत उभी केली. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला काही कळलंही नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी टो करून माझ्याकडे आली. जुनी, दुसऱ्या हातची स्कोडा ऑक्टाव्हिया. पुढच्या चाकांतून लालभडक रंगाचे दोन मोठे कॅलिपर दिसत होते. एका वेगवान जपानी गाडीचे हे कॅलिपर भाच्यानं जुन्या मालाच्या बाजारातून आणले होते. त्यांच्याबरोबर मोठ्या तबकड्या आणल्या होत्या आणि एका गॅरेजमधून ते सगळं आपल्या गाडीला बसवून घेतलं होतं. वीस दिवसही झाले नव्हते.

ही हकीगत ज्याला सांगावी तो एकच प्रश्न विचारतो. अहो, मूळच्यापेक्षा मोठे आणि महागडे ब्रेक बसवले होते ना? मग ते फेल कसे झाले? आजच्या भाषणात मला याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. कारण हा छंद आता वाढतो आहे. एका वेगवान गाडीचा भाग काढून दुसऱ्या गाडीला लावायचा, हा प्रकार जगभर चालतो आणि नीट केला तर त्यात काही वावगं नाही. पण नीट करणं म्हणजे काय, ते आधी समजून घ्यायला हवं.

सुरुवात अगदी मुळापासून करू. थंडीत आपण तळहात एकमेकांवर घासतो, हात गरम होतात. ब्रेक हेच करतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक तबकडी असते, तिला आपण डिस्क म्हणतो. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा कॅलिपर असतो. त्या चिमटीत ब्रेक पॅड असतात. पेडल दाबलं की पॅड तबकडीवर घासतात आणि गाडीच्या गतीची उष्णता होते. म्हणजे ब्रेक हे खरं तर गतीची उष्णता करणारं आणि ती उष्णता हवेत सोडून देणारं यंत्र आहे.

ही उष्णता किती असते? तेराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरनं धावत असेल तर तिच्या अंगात सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा असते. स्वयंपाकघराच्या हिशेबात सांगायचं तर एवढ्या उष्णतेत नळाचं दीड लिटरहून थोडं जास्त पाणी उकळेल. आपल्या शेगडीवर त्याला काही मिनिटं लागतात. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर गाडी साधारण साडेतीन सेकंदांत थांबते. म्हणजे तेवढं पाणी साडेतीन सेकंदांत उकळायचं! हे काम सुमारे दोनशे अश्वशक्तीचं झालं. त्या गाडीचं इंजिन बहुधा याहून कमी ताकदीचं असतं. आणि वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. वेगवान गाड्यांना मोठे ब्रेक का लागतात, त्याचं उत्तर इथे आहे.

आता घाटाचं बघा. आपल्या ओळखीचा बोरघाट घेऊ. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर आहे आणि खोपोली साठेक मीटरवर. म्हणजे आपण साडेपाचशे मीटर खाली उतरतो. तेराशे किलोची गाडी एवढं उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी शंभराच्या वेगावरून चौदा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. पाण्याच्या हिशेबात बावीस लिटर पाणी उकळेल. इंजिनाला कामाला लावलं, म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, तर यातला मोठा वाटा इंजिन आणि हवा उचलतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरलात, तर जवळजवळ सगळा बोजा ब्रेकवर येतो.

उष्णता फार साचली की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे पॅडची पकड कमी होते. पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. हे ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय पेडल दाबतो, पण तो दाब चाकापर्यंत पोचतच नाही, वाफ दाबण्यातच संपतो. पेडल फरशीला टेकतं. माझ्या भाच्याचं पेडल टेकलं ते असं.

आता दुसरा मुद्दा. गाडी नेमकी कोण थांबवतं? आपण म्हणतो ब्रेक. पण ब्रेक थांबवतो ते चाकाला. गाडीला थांबवतो तो टायर. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांवर सगळी गाडी उभी असते आणि थांबतेही त्यांच्याच पकडीवर. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी शंभराच्या वेगावरून थांबायला ४५ मीटरच्या आसपास अंतर लागतं. ओल्या रस्त्यावर पकड कमी झाली की हेच अंतर ८० मीटरपर्यंत सहज जातं. शिवाय पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, ती वेगळीच.

तुमच्या ब्रेकमध्ये पुरेशी ताकद आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण सांगतो. पेडल पूर्ण जोरानं दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, किंवा एबीएस कामाला लागून पेडल पायाखाली थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. आजच्या जवळजवळ सगळ्या धडधाकट गाड्या या परीक्षेत पास होतात. अशा गाडीला याहून मोठा ब्रेक लावला, तरी ती एका दमात थांबायचं अंतर कमी होणार नाही. ते कमी करायचं तर चांगले टायर हवेत.

मग वेगवान गाड्यांना मोठे ब्रेक कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरनं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं होतं. पण पुढची पन्नास वर्षं गाड्या ड्रम ब्रेकवरच चालल्या. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीनं आपल्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरवल्या आणि शर्यत जिंकली. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या वर गेला. ड्रम बंदिस्त असतो, त्यातली उष्णता आतच कोंडते. तबकडी उघडी असते, ती वाऱ्यावर लवकर निवते. म्हणून चोवीस तास तीच वळणं घेतली, तरी ब्रेकची पकड टिकून राहिली.

मोठ्या ब्रेकचं मोठेपण हेच आहे. एकदा थांबण्यात ते फारसं दिसत नाही. विसाव्यांदा थांबताना दिसतं. मोठ्या तबकडीत बीड जास्त असतं, म्हणून तेवढ्याच उष्णतेनं ती कमी तापते. पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून लवकर निवते. इटलीत बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेली ब्रेम्बो कंपनी १९७५ पासून फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक पुरवू लागली, तेही याच कामासाठी. या कंपनीचा कारखाना आज आपल्या पुण्याजवळ चाकणलाही आहे आणि तिथे दुचाकींचे ब्रेक बनतात. लाल कॅलिपरचं जे आकर्षण तरुण मुलांना वाटतं, ते शर्यतीच्या मैदानावरून आलं आहे. पण तो लाल रंग थांबवत नाही, हे मुलांना सांगावं लागतं.

आता कॅलिपरच्या पोटात शिरू. पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानाचा नियम आपण शाळेत शिकलो. बंद भांड्यातल्या द्रवावर कुठेही दाब दिला, तरी तो सगळीकडे सारखा पोचतो. ब्रेकचं पेडल एका छोट्या पिस्टनला ढकलतं, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तिथला दाब नळीतून चाकाजवळच्या मोठ्या पिस्टनवर येतो. पिस्टन जितका मोठा तितका जोर जास्त. पण जोर फुकट मिळत नाही. मोठा पिस्टन तेवढाच सरकवायला ऑइल जास्त लागतं, म्हणजे पेडल जास्त खाली दाबावं लागतं. विहिरीवर कप्पी लावून पाणी ओढणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असतो. दोन कप्प्या लावल्या की ओझं हलकं होतं, पण दोर जास्त ओढावा लागतो.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ज्या कॅलिपरला चार पिस्टन, त्याची ताकद एका पिस्टनच्या चौपट असं लोक समजतात. तसं नाही. साध्या गाडीच्या कॅलिपरला एकाच बाजूला एक मोठा पिस्टन असतो आणि कॅलिपर स्वतः सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये दोन इकडून आणि दोन तिकडून ढकलतात. तेव्हा तुलना करताना एका बाजूचंच क्षेत्रफळ धरायचं. ५४ मिलिमीटर व्यासाच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २२.९ चौरस सेंटिमीटर होतं. आता एका बाजूला ३६ आणि ४० मिलिमीटरचे दोन पिस्टन असलेला चार पिस्टनचा कॅलिपर घ्या. त्या दोघांचं मिळून २२.७ भरतं. म्हणजे जोर जवळजवळ तेवढाच! फायदा वेगळा आहे. पॅड मोठा आणि सारखा दाबला जातो, कॅलिपर वाकत नाही, पेडल पायाला घट्ट लागतं. आणि असे कॅलिपर बहुधा ॲल्युमिनियमचे असल्यामुळे वजनाला हलके असतात.

भाच्याच्या लाल कॅलिपरमध्ये एका बाजूला ४६ आणि ४० मिलिमीटरचे पिस्टन होते. क्षेत्रफळ २९.२ चौरस सेंटिमीटर. ऑक्टाव्हियाचा मूळ पिस्टन ५४ मिलिमीटरचा. म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. मास्टर सिलिंडर मात्र जुनाच. साहजिकच पेडल पहिल्या दिवसापासून खोल जायला लागलं होतं. "नवीन आहे, बसेल जागेवर," असं गॅरेजवाल्यानं सांगितलं आणि पोरानं ऐकलं.

पुढचा मुद्दा तोलाचा. जोरात ब्रेक दाबला की गाडी नाकावर झुकते, बसमध्ये उभं असताना आपण पुढे जातो तसंच. त्या क्षणी पुढच्या चाकांवर भार वाढतो, मागच्यांवरचा कमी होतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत उभ्या स्थितीत पुढे साठ टक्के भार असेल, तर कोरड्या रस्त्यावर जोराच्या ब्रेकला तो ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. हे सगळं लक्षात घेऊन गाडी बनवणारे पुढच्या आणि मागच्या ब्रेकची वाटणी ठरवतात. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते, म्हणून ती वेळ येणार नाही अशी ही वाटणी असते. पण पुढच्यांनाच सगळं काम दिलं, तर मागचे टायर नुसतेच फिरत राहतात.

भाच्याच्या गाडीत मूळ वाटणी ७५ आणि २५ अशी होती असं धरू. पिस्टन मोठा, तबकडीही मोठी, यामुळे पुढचा ब्रेक जवळजवळ पंचेचाळीस टक्क्यांनी वाढला. मागचा होता तसाच राहिला. नवी वाटणी झाली ८१ आणि १९. आता पाऊस पडतो आहे आणि गाडीला एबीएस नाही असं समजा. ओल्या रस्त्यावर गाडी नाकावर कमी झुकते, पुढच्या टायरांवर भार कमी येतो, म्हणून ते लवकर लॉक होतात. मागच्यांची पकड अजून शिल्लक असते, पण ती वापरली जात नाही. ताशी ८० च्या वेगावरून चाकं लॉक होऊ न देता थांबायचं ठरवलं, तर या गाडीला पूर्वीपेक्षा सुमारे पाच मीटर अंतर जास्त लागेल. एक अख्खी गाडी मावेल एवढं! पैसे खर्च केले आणि थांबण्याचं अंतर वाढवून घेतलं. एबीएस असलेल्या गाडीत एवढं नुकसान होत नाही. पण एबीएसचा हिशेबही मूळच्या पिस्टन आणि तबकड्या धरून बसवलेला असतो, हे विसरू नये.

तर मग उसने भाग लावूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. नीट जमलेलं एक उदाहरण देतो, आणि ते आपल्या ऑक्टाव्हियाच्याच कुळातलं आहे. जर्मनीत १९९७ साली फोक्सवॅगन गोल्फची चौथी पिढी आली. त्याच सांगाड्यावर त्या समूहानं अनेक गाड्या काढल्या. ऑडी टीटी ही छोटी वेगवान गाडी त्यातलीच आणि पहिली ऑक्टाव्हियाही त्यातलीच. ही ऑक्टाव्हिया २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा इथे जोडली जायची.

वेगवान इंजिनाच्या गोल्फला पुढे २८८ मिलिमीटरच्या तबकड्या होत्या. टीटीला ३१२ मिलिमीटरच्या. दोन्हींची जाडी तेवढीच, २५ मिलिमीटर. गंमत म्हणजे गोल्फचा कॅलिपर तोच ठेवता येतो. बदलतो तो फक्त कॅलिपर ज्यावर बसतो तो ब्रॅकेट. टीटीचा ब्रॅकेट कॅलिपरला बारा मिलिमीटर बाहेर धरतो, आणि तोही कंपनीनंच ओतून, तपासून बनवलेला असतो. त्यामुळे युरोपात गोल्फवाले टीटीचे ब्रॅकेट आणि तबकड्या आणून हा बदल करायला लागले.

यात काय झालं बघा. पिस्टन तोच, म्हणून पेडलची चाल बदलली नाही. चिमटा मध्यापासून थोडा दूर गेला, म्हणून तेवढ्याच दाबात साधारण दहा टक्के जास्त पकड मिळाली. दाराला बिजागरीपासून लांब ढकललं की ते हलकं लागतं, तसंच. तबकडीत बीड वाढलं, म्हणून ती कमी तापू लागली. वाटणी बदलली, पण थोडीच. अडचण एकच. २८८ ची तबकडी पंधरा इंची रिममध्ये मावते, ३१२ ला सोळा इंची रिम लागते. आणि जर्मनीत असा बदल केल्यावर तो टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेच्या तज्ज्ञाला दाखवून कागदावर मंजूर करून घ्यावा लागतो. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

फरक लक्षात आला असेल. गोल्फला टीटीचा भाग लावणं म्हणजे थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालणं. थोडा ढगळ होईल, पण खांदे जुळतील. परक्या घरचा सदरा कितीही भारी असला, तरी तो अंगावर बसेलच असं नाही.

आता भाच्याच्या गाडीत मला काय सापडलं ते सांगतो. लाल कॅलिपर ऑक्टाव्हियाच्या भोकांना जुळत नव्हते. म्हणून गॅरेजवाल्यानं साध्या लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट कापून, वेल्डिंग करून बनवला होता. जोराच्या ब्रेकला पुढच्या एकेका ब्रॅकेटवर सुमारे एक टनाची ओढ येते. एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ केसाएवढी चीर गेलेली मला दिसली. आणखी काही आठवडे गेले असते, तर काय झालं असतं ते मी त्याच्या बायकोसमोर बोललो नाही.

पण त्या दिवशी घात केला तो दुसऱ्याच गोष्टीनं. कॅलिपर जागेत मावेनात, म्हणून डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दिसायला दोन्ही सारखेच. पण प्रत्येक कॅलिपरला ऑइलमधली हवा काढायची एक निपल असते आणि ती सगळ्यांत वर यावी लागते, कारण हवा वर जाते. बाजू उलटल्यावर ती निपल खाली गेली. मिस्त्रींनी कितीही वेळा एअर काढली असती, तरी वरच्या कोपऱ्यातली हवा निघणारच नव्हती. आधीच मोठे पिस्टन, त्यात अडकलेली हवा, म्हणून पेडल खोल. त्यात ऑइल जुनं, कधी बदललं ते कोणालाच माहीत नाही. घाटात ते तापलं, उकळलं, आणि पेडलला जी थोडी चाल उरली होती तीही संपली. कॅलिपरचा यात काही दोष नव्हता. ज्या गाडीसाठी ते बनले, तिच्यात ते उत्तमच काम करत असणार.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असं प्रमाण आहे. पाणी शोषलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १५५ वर येते. म्हणजे दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑइल पंचाहत्तर अंशांनी कच्चं झालेलं असू शकतं. वरून बघून ते कळत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं. आपल्या कोकणच्या दमट हवेत तर चुकवूच नये.

तेव्हा कोणाला ब्रेक सुधारायचे असतील, तर माझा क्रम असा आहे. पहिलं, ताजं ब्रेक ऑइल. दुसरं, चांगल्या प्रतीचे, त्या गाडीसाठीच बनवलेले पॅड, आणि तबकड्या झिजल्या असतील तर त्याच मापाच्या नव्या. तिसरं, चांगले टायर आणि त्यांत योग्य हवा. चौथं, रबरी ब्रेक होज जुने झाले असतील तर नवे. एवढं केल्यावर बहुतेकांना मोठ्या ब्रेकची गरजच उरत नाही. आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा, याला तर पैसेही पडत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ट्रक ड्रायव्हरांचं सांगणं आजही खरं आहे.

एवढं करूनही कोणाला दुसऱ्या गाडीचा भाग लावायचाच असेल, तर आधी पाच प्रश्न विचारावेत. भाग एकाच कुळातल्या गाडीचा आहे का? पिस्टनचं क्षेत्रफळ मूळच्याशी जुळतं का? पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी किती बदलते? ब्रॅकेट कोणी, कशाचा बनवला? आणि निपल वर आहे का? यातल्या एकाचंही उत्तर गॅरेजवाल्याला देता आलं नाही, तर तिथून गाडी काढावी.

सहावा प्रश्न कायद्याचा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीनं अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला दंडाची, आणि प्रसंगी कैदेचीही तरतूद झाली. म्हणून काही करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं आणि विमा कंपनीला कळवावं. कोणाला ही कटकट वाटेल. पण जर्मनीतला गोल्फवाला तज्ज्ञापुढे गाडी उभी करतो, त्यामागचं कारण हेच आहे. आपल्या ब्रेकवर फक्त आपला जीव नसतो. समोरून सायकलवर येणाऱ्या मुलाचाही असतो.

भाच्यानं लाल कॅलिपर काढले. गाडीचे मूळचे कॅलिपर नशिबानं त्यानं फेकले नव्हते, घरच्या माळ्यावर ठेवले होते. आम्ही दोघांनी मिळून ते साफ केले, नवे रबरी सील घातले, नवे पॅड आणि नवं ऑइल घातलं. मग दोघंच त्याच घाटातून हळूहळू उतरलो आणि परत चढलो. पेडल शेवटपर्यंत वरच राहिलं. खाली एका टपरीवर चहा पिताना तो म्हणाला, "मामा, दिसायला काही ते लाल ब्रेक वाईट नव्हते." मी म्हटलं, "नव्हतेच. पण ब्रेक बघायची वस्तू नाही रे. तो आहे याची आठवण होऊ नये, एवढा तो चांगला असावा."

श्रोतेहो, पावसाळा असो की नसो, घाटात निघण्याआधी एकदा पेडल दाबून बघा. वर आणि घट्ट लागलं, तर निर्धास्त निघा. खोल गेलं, तर गाडी घरीच ठेवा आणि मिस्त्रीला बोलवा.